उद्या बूट घालू का चप्पल?

रात्री साडेदहाला भाऊंचा फोन आला तेव्हा मी ओटा पुसत होते, ओल्या हातानेच उचलला. "मॅडम, झोपला नाहीत ना? एकच विचारायचं होतं. उद्या बूट घालू का चप्पल?" दिवसभरात त्यांचे चार फोन झाले होते, प्रत्येक वेळी काहीतरी कागदाचं, कुठलं बँक स्टेटमेंट घेऊ, आधारची झेरॉक्स चालेल का ओरिजिनल लागेल, आणि दुसऱ्या दिवशीच्या जीएसटी चौकशीसाठी त्यांची वकील म्हणून माझी तयारी अजून अर्धी व्हायची होती. मी म्हटलं, "बूट घाला भाऊ, नीट शर्टपँट, नीट बूट. आणि जेवणाचा डबा घ्या, वेळ लागतो." ते "बरं" म्हणाले. फोन मात्र लगेच ठेवला नाही, मागे त्यांच्याकडे टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती, तिचा आवाज येत राहिला, आणि मग परत एकदा "बरं बरं" म्हणून ठेवला. मी फडकं पिळून वाळत टाकलं आणि लॅपटॉप उघडला.

त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं एवढंच मला त्या रात्री वाटलं होतं.

भाऊंचं ठाण्यात वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, रोड नंबर २२ च्या आतल्या बाजूला. स्वतः फिटर म्हणून आयुष्य काढलं, मग सेकंडहँड वेल्डिंग मशीन घेऊन गाळा भाड्याने घेतला, आता हाताखाली अकरा माणसं आहेत आणि तरीही मोठं वेल्डिंग असलं की ते स्वतःच काच तोंडावर घेऊन बसतात. लॉकडाउननंतर, २०२० च्या दिवाळीनंतर त्यांना गोडाउनच्या शेडचं मोठं काम मिळालं. पत्रा, अँगल, चॅनल सगळं कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या एका ट्रेडरकडून घेतलं, पाच-सहा महिन्यांत १ कोटी २० लाखांचा माल, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१ लाख ६० हजार. हे पैसे भाऊंनी बिलाबरोबर ट्रेडरला दिले, सगळे बँकेतून, एक रुपया रोख नाही. आणि चार वर्षांनी समजलं की त्या ट्रेडरचं रजिस्ट्रेशन रद्द झालंय, तेही मागच्या तारखेपासून, दिलेल्या पत्त्यावर कुणी नाही आणि त्याने तो टॅक्स सरकारकडे भरलेलाच नाही. आता जीएसटी कायद्यात कलम १६(२)(सी) असं सांगतं की विकणाऱ्याने टॅक्स सरकारजमा केला असेल तरच घेणाऱ्याला त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करायची सोय). म्हणजे एसटीत बसून तिकिटाचे पैसे कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि त्याने ते डेपोत जमा केले नाहीत तर चेकरने प्रवाशाला खाली उतरवायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून मी हे कलम वाचतेय, त्याच्या बाजूने होणारे युक्तिवादही मला पाठ आहेत, बोगस बिलांनी तिजोरीला भोकं पडतात हे खरंच आहे. पण प्रामाणिक खरेदीदाराला या कलमाखाली आणणं मला अन्यायाचं वाटतं आणि जिथे उभं राहायला मिळेल तिथे मी ते सांगत आलेय.

भाऊंना कलम ७० खाली समन्स आलं होतं. समन्स म्हणजे चौकशीला या, कागद दाखवा, जबाब द्या. अटकेचं कलम वेगळं, ६९, आणि बोगस बिलाच्या केसमधे सुद्धा रक्कम २ कोटींच्या पुढे गेल्याशिवाय ते लागत नाही. ५ कोटींच्या पुढे गेलं की मग अजामीनपात्र. भाऊंची रक्कम २१ लाख ६० हजार. त्यामुळे मी अगदी निश्चिंत होते आणि त्यांना तीनदा सांगितलंही होतं, भाऊ, तुम्हाला आत टाकू शकत नाहीत, कायद्याने टाकू शकत नाहीत. ते मान हलवायचे. माझ्या टेबलावर काच आहे, तिच्यावर त्यांची बोटं असायची, वेल्डिंगने नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेली, आणि मी "२ कोटी" म्हटलं की ती बोटं थोडी आत वळायची.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही हजर. ऑफिसचं नाव लिहीत नाही, नवी मुंबईतलं एक ऑफिस. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, भाऊंना आधी पाणी विचारलं. वकिलाला जबाबाच्या वेळी शेजारी बसता येत नाही, हे आमच्या कामातलं लोकांना न पटणारं सत्य आहे. काही केसेसमधे कोर्ट परवानगी देतं, तीसुद्धा अशी की वकील दिसेल इतक्या अंतरावर बसेल पण त्याला ऐकू जाणार नाही. इथे त्या अधिकाऱ्याने आपणहून मला केबिनसमोरच्या बाकावर बसू दिलं, त्याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे. केबिनला काचेचं पार्टिशन होतं, कमरेच्या वर दुधी कागद लावलेला आणि खाली साधी काच. त्यामुळे मला भाऊ दिसत होते ते फक्त गुडघ्याखाली. टेबलाखाली त्यांचे दोन पाय, काळे बूट, लग्नकार्याला घालतात तसले, पॉलिश केलेले.

बराच वेळ मी फाईल वाचत होते. मग एकदा मान वर केली आणि लक्षात आलं की बुटांना लेस नाहीये. दोन्ही बुटांना. ओळीने रिकामी भोकं आणि मधली जीभ पुढे लोंबलेली. मला वाटलं घाईत राहिलं असेल. पण दोन्ही कशा राहतील? मग सकाळपासूनचं चालणं आठवलं, गेटमधून आत येताना ते पाय घासत चालत होते, मी म्हटलं होतं गुडघा दुखतोय का, तर "नाही नाही." आणि एका हाताने पँट वर ओढत होते सारखी. बेल्टही नव्हता.

दोनच्या सुमाराला ते बाहेर आले, डबा खायला म्हणून. डबा उघडलाच नाही. म्हणाले, "ते म्हणतायत काहीतरी भरून टाका आज, डीआरसी-०३ का काय ते, म्हणजे विषय हलका होईल. पाच लाख भरू का?" डीआरसी-०३ हा आपल्या मर्जीने टॅक्स भरायचा फॉर्म. चौकशी चालू असताना दबाव टाकून वसुली करायची नाही असं त्यांच्याच खात्याच्या २५ मे २०२२ च्या सूचनेत लिहिलेलं आहे, आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने राधिका अगरवाल केसमधे सांगितलं की अटकेची भीती घालून टॅक्स भरून घेता येणार नाही. मी भाऊंना एवढंच म्हटलं, तुम्हाला मनापासून वाटतंय की हे पैसे तुम्ही देणं लागता, तर भरा. भीतीने भरू नका. ते म्हणाले, "वाटत तर नाही. मी दिलेत एकदा." मग मी सांगितलं की जबाब मराठीत वाचून दाखवायला सांगा, समजल्याशिवाय एकाही पानावर सही नको, कारण पोलिसांसमोरचा जबाब वेगळा आणि हा वेगळा, हा पुढे पुरावा म्हणून वापरतात आणि नंतर फिरवायला गेलं तर जड जातं. ते परत आत गेले. बूट घासत.

त्यानंतरचे चार तास मी फाईल वाचलीच नाही, नुसती ते पाय बघत बसले. ऐकू काही येत नव्हतं पण पायांवरून कळत होतं. सोपं काही विचारलं की दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले असायचे. मग कुठलातरी प्रश्न यायचा आणि उजवी टाच बुटातून वर यायची, लेस नसल्यामुळे सहज निघायची, पांढरा मोजा दिसायचा, अंगठ्याजवळ रफू केलेला, आणि टाच हवेत तशीच थांबायची. मी मनात मोजायचे. एकदा जवळजवळ मिनिटभर ती टाच खाली आली नाही. मला उठून काच वाजवावीशी वाटली. वीस वर्षं हे काम करतेय, मोठमोठ्या कंपन्यांच्या डायरेक्टरांबरोबर अशा बाकांवर बसलेय, पण इतकी असहाय्य त्याआधी झाले नव्हते.

साडेसहाला सुटले. बाहेर पाऊस लागला होता. टपरीवर चहा घेताना मी विचारलं, भाऊ, लेस कुठे गेली? त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. म्हणाले, "घरी ठेवली. बेल्टपण ठेवला." आणि मग सांगितलं की ते बावीस-तेवीस वर्षांचे असताना कंपनीच्या गेटवर संप चालू होता, सगळ्यांना उचलून नेलं, एक रात्र लॉकअपमधे. आत घालायच्या आधी बेल्ट, बुटाची लेस, कमरेचा करगोट्याचा दोरा सगळं काढून घेतलं, एका ढिगात टाकलं. सकाळी सोडलं तेव्हा ढिगातून ज्याला जे मिळेल ते, भाऊंना एकच लेस मिळाली. आणि ते तसेच, एक बूट बांधलेला आणि एक उघडा, पोलीस स्टेशनवरून चालत घरी आले, गल्लीतली सगळी माणसं दारात. "म्हणून विचारलं तुम्हाला. चप्पल असती तर प्रश्नच नव्हता. तुम्ही बूट म्हणालात, मग म्हटलं कोणी काढून घेण्यापेक्षा आपणच काढून जाऊ."

मला उत्तर सुचलं नाही.

घरी येताना ठाण्यात कोर्ट नाक्याला गाडी सिग्नलवर थांबली. तिथून जुन्या किल्ल्यातलं जेल जवळच आहे, कोर्टही जवळ, मी रोज जाते-येते त्यामुळे मला ती जागा दिसतच नाही एरवी. त्या दिवशी बाबा आठवले. बाबाही वागळेचे. एमआयडीसीची पहिली वसाहत ती, १९६२ ची, आमच्या लहानपणी सकाळचा भोंगा झाला की किसननगरच्या उतारावरून सायकलींची रांग लागायची. बाबांची कंपनी मी आठवीत असताना बंद पडली. बंद पडल्याचं दुःख होतंच पण त्याहून मोठा धक्का नंतर बसला, पगारातून तीन वर्षं कापलेला फंड मालकाने भरलाच नव्हता. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला कापल्याची रक्कम आणि फंडाच्या खात्यात शून्य. कामगारांचा कापलेला फंड न भरणं म्हणजे विश्वासघाताचा गुन्हा असं दंडविधानाच्या कलम ४०५ मधे स्पष्टीकरण होतं, १९७३ पासून होतं, हे मला लॉ कॉलेजात गेल्यावर समजलं. बाबांना कधीच कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी मिळून एक वकील दिला होता. तारखेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि संध्याकाळी आई विचारायची काय झालं, तर म्हणायचे "पुढची तारीख". पुष्कळ वर्षांनी, ते आजारी असताना, बोलता बोलता म्हणाले की मी आत कधी गेलोच नाही, बाहेर झाडाखाली बसायचो. पहिल्या दिवशी वकिलाला विचारलं होतं, साहेब, आम्ही आत आलो तर चालतं का? तो घाईत होता. "बघू" म्हणाला. मग परत विचारायला बाबांना बरं वाटलं नाही.

पाच वर्षं झाडाखाली.

आणि मी जे काम करते त्यात त्या मालकासारखी माणसंही माझ्याकडे येतात, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एकदा एक आले, त्यांनी कर्मचाऱ्यांच्या पगारातून टीडीएस कापला होता आणि भरला नव्हता, धंदा वाचवायला वापरला म्हणाले, आणि आयकर कायद्याच्या २७६बी खाली खटला उभा होता. तेव्हा त्याला तीन महिने ते सात वर्षं शिक्षा होती. मी वकीलपत्र घेतलं. घरी जेवताना आईला सांगितलं, कारण तिच्यापासून लपवणं मला जमत नाही. तिने माझ्या ताटात भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं आणि आत निघून गेली. ती त्यावर आजतागायत एक शब्द बोललेली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. बोगस बिलांच्या धंद्यात कंपनी कुणाच्या तरी नावावर काढलेली असते, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा गरीब माणूस, ज्याने लोनसाठी किंवा नोकरीसाठी म्हणून आधार-पॅन दिलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका केसमधे तो कळव्याच्या एका सोसायटीतला वॉचमन होता. त्याच्या नावावर कोट्यवधींची उलाढाल, त्याला दर महिन्याला आठ हजार मिळायचे आणि एकही बिल त्याने पाहिलेलं नव्हतं. माल कुठेच हलत नव्हता, फक्त बिलं हलत होती, या नावावरून त्या नावावर आणि शेवटी कुणीतरी त्यावर क्रेडिट घ्यायचं. मी त्या वॉचमनची वकील नव्हते. हे सगळं ज्याने उभं केलं होतं त्याची होते. या गुन्ह्यात अटकेनंतर ६० दिवसांत कोर्टात तक्रार दाखल झाली नाही तर जामीन हक्काने मिळतो, आणि एकसष्टाव्या दिवशी मी अर्ज टाकला होता. जामीन झाला. कायद्याने झाला, नीट झाला, आणि मी आजही तो अर्ज तसाच टाकेन, कारण खटल्याआधी कुणाला अनिश्चित काळ आत ठेवायचं नाही हे मी मनापासून मानते. पण कोर्टाच्या व्हरांड्यात तो वॉचमन युनिफॉर्मवरच आला होता, ड्युटीवरून सुटून थेट, आणि त्याने मला नमस्कार केला. त्याला बहुतेक वाटलं मी सरकारी कुणीतरी आहे. मीही उलट नमस्कार केला आणि पुढे गेले. तो नमस्कार मला अजून परत करता आलेला नाही.

लोक विचारतात तुम्ही चोरांच्या केसेस कशा घेता. माझं उत्तर तयार असतं, अटक झालेल्या माणसाला वकिलाचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या कलम २२ चं, आणि ते खरं आहे. पण भाऊंच्या दिवसानंतर मला ते उत्तर देताना अडखळायला होतं, कारण आता वाटतं की मी घेते त्यातला चोर कोण आणि कोण नाही हे ठरायच्या आधी कितीतरी दिवस ती माणसं माझ्यासमोर बसलेली असतात आणि तेव्हा त्यांना विचारायचं काहीतरी वेगळंच असतं. एक बाई होत्या, नवऱ्याच्या कंपनीत नावाला डायरेक्टर, त्यांनी विचारलं होतं की समन्सला येताना मंगळसूत्र घालून येऊ का. मी म्हटलं होतं, कपड्यांचं काही नसतं हो, कागद महत्त्वाचे. आता आठवून पोटात कालवतं. त्या काय विचारत होत्या? त्यांनाही कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार.

भाऊंची ऑर्डर आली ती आमच्या विरुद्ध आली. तीसुद्धा जीएसटीच्या पोर्टलवर, त्या "ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स" नावाच्या आतल्या कप्प्यात, जिथे कितीतरी छोट्या धंदेवाल्यांना नोटीस आल्याचं कळतच नाही आणि मुदत निघून जाते. माझी ज्युनिअर रोज सकाळी चहाच्या आधी सगळ्या क्लायंट्सचे ते कप्पे उघडून बघते म्हणून मिळाली. अपिलाला तीन महिने, फार तर आणखी एक, त्यानंतर अपील अधिकारीसुद्धा काही करू शकत नाहीत. आणि अपील घ्यायचं तर टॅक्सच्या १० टक्के आधी भरा. २ लाख १६ हजार. भाऊंनी ते भरले. या वेळी विचारलं नाही की भरू का.

अपिलात आमचं म्हणणं एकच, माल खरंच आला. ट्रेडर पळाला असेल, पत्ता खोटा असेल, पण लोखंड खरं होतं आणि ते आज त्या शेडवर उभं आहे. त्यासाठी बिलं पुरत नाहीत, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि सगळ्यात महत्त्वाच्या म्हणजे वजनकाट्याच्या पावत्या, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, तारीख, वेळ, गाडी नंबर. मी भाऊंना म्हटलं होतं मिळतील तेवढ्या शोधा. मागच्या शनिवारी ते ऑफिसला आले. पायात चप्पल होती. पिशवीतून त्यांनी एक गठ्ठा काढून काचेवर ठेवला, हातभर उंचीचा, काट्याच्या पावत्या, काही तेलाने पारदर्शक झालेल्या, काहींवरची शाई उडत आलेली, गाडीगाडीप्रमाणे लावलेल्या. गठ्ठा दोन काळ्या लेसनी बांधला होता, एक उभी, एक आडवी, टोकांना प्लॅस्टिकची टोपणं तशीच.

मी गाठ सोडायला घेतली तर सुटेना, त्यांची गाठ फिटरची. "थांबा मॅडम," म्हणाले आणि स्वतः सोडली. मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसले आणि म्हटलं, भाऊ, अपिलाच्या तारखेला तुम्हीपण आत यायचं आहे माझ्याबरोबर, माझ्या शेजारी बसायचं. त्यांनी पहिली पावती उचलली, उजेडाकडे धरली आणि वाचून दाखवली, "अठरा नोव्हेंबर, भरलेली चोवीस टन तीनशे चाळीस." मी लिहून घेतलं.